कालप्रवासाची कथा: दायमाबादची 'पाचवी वस्तू' परत आणायची आहे, तपशील तपासून हवेत

प्रवराकाठ:

एक दीर्घ कालप्रवास-कथा लिहायला घेतली आहे. साधारण 25 हजार शब्दांची होईल. सांगाडा असा:

1974 साली दायमाबादला (तालुका श्रीरामपूर, प्रवरेच्या काठी) तांब्या-काशाच्या चार ओतीव वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. कथेत मी असं धरलं आहे की मुळात वस्तू पाच होत्या. पाचवी घातक होती, म्हणून ती करणाऱ्यांनीच वेगळी लपवली. आजच्या काळात कुणीतरी तिच्या मागावर आहे. नायिका धातुशास्त्र शिकलेली आहे. ती इ.स.पू. 1500 मध्ये जाते, वस्तू उचलते आणि परत येते.

पाच ठिकाणी गाडी अडली आहे:

1. वस्तू 'घातक' म्हणजे नक्की काय? शाप, मंत्र, अज्ञात ऊर्जा यांतलं काहीही नको. रसायनशास्त्रात बसेल असं कारण हवं.
2. त्या काळातलं दायमाबाद कसं दाखवू? घरं, अन्न, हत्यारं.
3. नायिका वस्तू घेऊन परत आली, तर ती खरी असल्याचं प्रयोगशाळा सांगेल का?
4. आजच्या कायद्यात त्या वस्तूचं काय होईल?
5. नायिका रात्री ध्रुवताऱ्यावरून दिशा काढत नदीकडे येते असा प्रसंग लिहिला आहे. तो चालेल ना?

चुका निर्दयपणे दाखवा. कथा छापायला देण्याआधी त्या कळलेल्या बऱ्या.

---

मूस:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या चार वस्तूंच्या धातूतच आहे, बाहेरून काही आणायची गरज नाही. दायमाबादच्या वस्तूंमध्ये आर्सेनिकचं प्रमाण 1 टक्क्यापेक्षा जास्त निघालं. आर्सेनिक म्हणजे तोच पदार्थ, ज्याच्या पांढऱ्या भुकटीला आपल्याकडे सोमल म्हणतात. चारही वस्तूंचं मिळून वजन 60 किलोच्या वर आहे. 1 टक्का धरला तरी 600 ग्रॅम आर्सेनिक झालं, आणि ते सगळं हवेत जळलं तर साधारण 790 ग्रॅम सोमल होईल.

पण इथेच बहुतेक लेखक घसरतात. आर्सेनिकयुक्त तांबं हातात घेतल्याने काहीही होत नाही. आर्सेनिक तांब्यात विरघळून बसलेलं असतं. वस्तू काचेच्या कपाटात ठेवा, उचला, पुसा, धोका नाही. धोका ती तापवताना आहे. शुद्ध तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं, तर सुटं आर्सेनिक 615 अंशांच्या आसपास वितळायच्या आधीच वायू होतं. मिश्रधातूतलं आर्सेनिक इतक्या सहज सुटत नाही, कारण तांबं त्याला धरून ठेवतं. कोळशाने झाकलेल्या मुशीत, म्हणजे प्राणवायू कमी असताना, बरंचसं रसातच राहतं. मूस उघडी ठेवली, भात्याचा वारा थेट रसावर मारला, की आर्सेनिक जळून पांढरा धूर निघतो. लसणासारखा वास येतो.

म्हणून तुमच्या खलनायकाला वस्तू *वितळवायची* घाई असू द्या. किंवा नमुना घ्यायला कुणी बंद खोलीत ग्राइंडर लावतं. तिथे विषबाधा खरी वाटेल. लक्षणं लिहिताना काळजी घ्या. जास्त मात्रा गेली तर काही तासांत उलट्या आणि भाताच्या पेजेसारखे जुलाब, म्हणजे बघणाऱ्याला पटकीच वाटेल. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात, पण त्या काही आठवड्यांनी, दुसऱ्या दिवशी नाही. उपचार म्हणून डायमरकॅप्रॉलचं इंजेक्शन देतात.

हे पुरेसं थरारक वाटत नसेल तर पाचवी वस्तू पोकळ करा आणि आत मनशीळ भरा. मनशीळ आणि हरताळ ही दोन्ही आर्सेनिक-गंधकाची खनिजं. मनशीळ लाल, हरताळ पिवळी. मनशिळेचा एक गुण कथेसाठी सोन्यासारखा आहे: अंधारात ती लाल राहते, उजेड लागला की हळूहळू तिची पिवळी भुकटी होते. वस्तू उघडताना आत लालभडक खडे दिसले, आणि महिन्याभराने टेबलावर पिवळी धूळ पसरली, की वाचकाला काही समजावून सांगावं लागणार नाही. (जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावून ती झाकत. 'हरताळ फासणे' तिथूनच आलं. एका कालखंडावर हरताळ फासायला निघालेल्या माणसाच्या हातात खरी हरताळ, हे तुम्हाला कुठेतरी वापरता येईल.)

आता ओतकाम. त्या चारही वस्तू भरीव आहेत, मेण गाळून ओतलेल्या. पोकळ हवी असेल तर आत मातीचा गाभा ठेवावा लागेल. क्रम असा दाखवा: माती, शेण आणि धान्याचा कोंडा मळून गाभा, तो पूर्ण सुकल्यावर त्यावर मेणाचा थर आणि त्यात नक्षी, गाभा हलू नये म्हणून मेणातून आरपार तांब्याच्या बारीक खुंट्या, वरून आधी गाळलेल्या पातळ मातीचा लेप, मग जाड मातीचे दोन-तीन लेप, प्रत्येक लेप सावलीत सुकवून. उन्हात सुकवला तर तडे जातात आणि तड्यांतून धातू बाहेर येतो. मग साचा तापवून मेण काढायचं आणि *साचा गरम असतानाच* रस ओतायचा. साचा गार पडला किंवा त्यात ओल राहिली तर वाफ होऊन रस उसळतो आणि ओतणारा भाजतो. भट्टीवरचा अपघात दाखवायचा असेल तर हा दाखवा, तो रोज होऊ शकणारा आहे.

मेणाचा हिशेब सोपा. तांब्याची घनता मेणाच्या सुमारे सव्वानऊ पट. 20 किलोच्या वस्तूला 2 किलो 200 ग्रॅम मेण, आणि रस ओतायच्या नळीसाठी धातू वेगळा धरा.

वजनावरून आणखी एक. 20 किलो तांबं म्हणजे आकाराने जेमतेम सव्वादोन लिटर, पाण्याच्या दोन बाटल्यांएवढं. पाहणाऱ्याला छोटं दिसतं, उचलणाऱ्याचा खांदा उतरतो. तुमची नायिका वस्तू 'झोळीत टाकून धावत सुटते' असं लिहिलं असेल तर ते काढा.

---

खापरखुणा:

आधी तारीख दुरुस्त करा, मग बाकीचं बोलू. दायमाबादमध्ये एकावर एक पाच थर आहेत: सावळदा (इ.स.पू. 2200–2000), उत्तर हडप्पा (म्हणजे हडप्पा संस्कृतीचा शेवटचा काळ, 2000–1800), दायमाबाद संस्कृती (1800–1600), माळवा (1600–1400) आणि जोर्वे (1400–1000). या सगळ्या तारखा ढोबळ. तुमचं 1500 म्हणजे माळवा काळ. त्या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानायच्या असतील, आणि म. न. देशपांडे, शि. रं. राव, एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांचं मत तसंच होतं, तर नायिकेला इ.स.पू. 1900 च्या आसपास पाठवा.

आणि इथेच तुमच्या कथेचा सगळ्यात मोठा आधार आहे, जो तुम्ही वापरलेलाच नाही. त्या वस्तू *उत्खननात सापडलेल्या नाहीत*. गावातला एक माणूस झुडपाचं मूळ खणत असताना त्या निघाल्या. म्हणजे त्या कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणती खापरं होती, वरचा थर अखंड होता की कुणी खड्डा करून पुन्हा बुजवला होता, याची शास्त्रीय नोंद नाही. त्यामुळेच वाद झाला. डी. पी. अगरवाल यांनी आर्सेनिकवरूनच शंका काढली: ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत असं आर्सेनिक मिसळलेलं दिसत नाही, मग या वस्तू पुष्कळ नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असू शकतील. शोध लागल्यावर साळी यांच्या देखरेखीखाली 1979 पर्यंत तिथे मोठं उत्खनन झालं, पण एकदा निघालेली वस्तू परत आपल्या थरात जात नाही.

कालप्रवासाच्या लेखकाला याहून चांगली फट मिळणार नाही. ज्ञात इतिहासात काहीही मोडावं लागत नाही. खड्डा कुणी केला आणि कधी केला, ही जागा रिकामीच आहे. तिथे तुमची नायिका बसते.

आता गाव. उत्तर हडप्पा थरात कच्च्या विटांची घरं दाखवा. हडप्पा लिपीची चिन्हं असलेली खापरं आणि मातीच्या मुद्रा त्या थरात मिळाल्या आहेत, त्यामुळे एखादा माणूस मडक्यावर खूण ओढताना दाखवायला हरकत नाही. भाषा मात्र कुणालाच माहीत नाही. संस्कृतसदृश संवाद लिहू नका, मराठीसदृश तर मुळीच नाही. खुणा, हावभाव, वस्तूंची अदलाबदल यांवर भागवा. अदलाबदलीला मीठ न्या. ते खाऊन संपतं, मागे काही राहत नाही. तांब्याची आजची तार नेऊ नका. ती 99.9 टक्के शुद्ध असते आणि एखाद्या घराच्या जमिनीत राहिली तर 1975 सालच्या उत्खननात तीच पहिली सापडेल.

अन्न: सातू, गहू, मसूर, कुळीथ, बोरं, जनावरांचं आणि शिकारीचं मांस. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा नाही. हे सगळं पोर्तुगीज आल्यानंतरचं. आज प्रवरेच्या दोन्ही अंगांना दिसणारा ऊस आणि कालवे डोळ्यांसमोरून पुसा. वर भंडारदऱ्याचं धरण नाही, म्हणजे नदी पावसाळ्यात बेभान आणि उन्हाळ्यात डोहांपुरती.

हत्यारं: लोखंड नाही. तांबं आहे, पण दुर्मीळ. आपल्या काळ्या पाषाणात तांब्याचं खनिज मिळत नाही, ते लांबून येतं. रोजची कापाकापी गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या लहान पात्यांनी होते, त्या लाकडात किंवा हाडात बसवलेल्या. म्हणून 60 किलो तांबं एका जागी हे त्या गावासाठी काय प्रकरण असेल ते ओळखा. जोर्वे गावात सापडलेल्या चपट्या कुऱ्हाडी मोजून सहा, आणि त्या सुद्धा मोठा शोध मानल्या गेल्या. तुमच्या नायिकेने एक वस्तू उचलली तर ती कुणाचं तरी वर्षानुवर्षांचं संचित उचलते. त्यांनी पाठलाग केला तर तो क्रूरपणा म्हणून रंगवू नका.

एक प्रसंग सुचवतो. नायिकेची उडी चुकून जोर्वे काळात, इ.स.पू. 1300 ला पडली तर? त्या लोकांत लहान मुलं घराच्या जमिनीखालीच पुरत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे, आत मूल. इनामगाव, नेवासे इथे असे शेकडो पुरावे आहेत. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले सापडतात. रात्री घराच्या जमिनीत खणणाऱ्या नायिकेच्या हाताला धातूऐवजी रांजणाचा काठ लागला, तर पुढचं पान आपोआप लिहिलं जाईल.

उडी कुठे पडते याचाही विचार करा. आजचं टेकाड त्याच लोकांच्या हजार वर्षांच्या वस्तीने तयार झालं. इ.स.पू. 1900 साली ते इतकं उंच नाही. आजच्या माथ्यावर उभं राहून उडी मारली तर नायिका हवेत प्रकट होईल आणि पाय मोडून घेईल. पायथ्याशी, नदीकडच्या बाजूला उभी करा.

---

प्रवराकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. 1900 पक्कं केलं. खुणा आणि मीठ घेतले. मनशीळ तर कथेचा शेवटच बदलून टाकेल असं दिसतंय. आता वस्तू परत आणल्यावर काय होतं, तेवढं कुणी सांगा. माझ्या मसुद्यात ती कार्बन चाचणीला देतात आणि '3900 वर्षं' असं उत्तर येतं.

---

अर्धायुष्य:

दोन चुका एकत्र आहेत.

पहिली: धातूची कार्बन चाचणी होत नाही. चाचणी सेंद्रिय पदार्थाची होते. म्हणजे पोकळ वस्तूच्या गाभ्यातल्या मातीतला कोंडा, शेण, किंवा चिकटलेला कोळसा. इथे 'मूस' यांची पोकळ वस्तू कामाला येते.

दुसरी चूक मोठी आहे. कार्बन-14 चं अर्धायुष्य 5730 वर्षं. 3900 वर्षं जमिनीत पडलेल्या कोंड्यात तो मूळच्या सुमारे 62 टक्के उरतो, आणि त्या घटीवरून वय निघतं. पण तुमच्या नायिकेने वस्तू एका रात्रीत आणली. वस्तूच्या घड्याळात एक रात्रच गेली आहे. घट झालीच नाही. प्रयोगशाळा म्हणेल, नमुना ताजा आहे.

त्यातही एक बारकावा आहे. 1950 नंतरच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 वाढला आणि त्यानंतरच्या काही दशकांत उगवलेल्या धान्यात त्याचा ठसा आहे; आता हवेत तो जवळपास ओसरला आहे. तुमच्या कोंड्यात तो ठसा नसेल. म्हणजे नमुना जुना दिसणार नाही आणि त्या दशकांतलाही दिसणार नाही. प्रयोगशाळेतला माणूस तो अगदी अलीकडचा समजेल, ते याच आकड्यामुळे. हा प्रसंग जरूर लिहा.

बाकीच्या चाचण्याही उलट साक्ष देतील. भाजलेल्या मातीचं वय तापदीप्तीवरून काढतात. माती शेवटची तापल्यापासून आसपासच्या किरणोत्साराची ऊर्जा तिच्यात साठत जाते. एका रात्रीत काय साठणार? शून्याजवळ आकडा येईल. धातूतल्या शिशाचा एक किरणोत्सारी प्रकार, शिसं-210, अर्धायुष्य सुमारे 22 वर्षं. नव्या गाळलेल्या धातूत तो जाणवू शकतो, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या धातूत जवळपास संपलेला असतो. तुमच्या वस्तूत तो असेल. आणि सगळ्यांत आधी, साध्या डोळ्यांना: पृष्ठभाग नवा. तांबं जमिनीत राहिलं की आधी लालसर थर, त्यावर हिरवा थर चढतो, आणि तो धातूच्या कणांमध्ये शिरलेला असतो. रसायन लावून आणलेला हिरवा रंग वरवर बसतो, सूक्ष्मदर्शकाखाली लगेच उघडा पडतो.

थोडक्यात, जगातली सगळ्यात अस्सल वस्तू प्रत्येक चाचणीत बनावट ठरेल.

यावर उपाय एकच, आणि तो तुमची कथा बदलतो: वस्तू *आणूच नका*. नायिकेने ती तिथेच, त्याच काळात, तिला माहीत असलेल्या जागी पुरावी, रिकाम्या हातांनी परत यावं आणि आज खणून काढावी. वस्तू मग स्वतःच्या पायांनी 3900 वर्षं चालत येते. कार्बन घटतो, थर चढतो, तापदीप्ती साठते. पाठीवरचं वीस किलोचं ओझंही गेलं.

---

खापरखुणा:

'अर्धायुष्य' यांची सूचना उत्तम आहे, पण पुरायची कुठे हे ठरवताना चूक झाली तर वस्तू मिळणार नाही. म्हणून थोडं विस्ताराने.

काळ्या मातीत पुरू नका. ही माती उन्हाळ्यात आकसते आणि मीटरभर खोल भेगा पडतात, पावसात फुगून मिटते. दरवर्षी वरचं काहीतरी भेगेतून खाली जातं, खालचं वर ढकललं जातं. 3900 उन्हाळ्यांनंतर वस्तू पुरली तिथेच असेल याची खात्री नाही. खणणाऱ्याला शेजारी भलत्याच काळाची खापरंही दिसतील.

नदीच्या अगदी काठालाही नको. प्रवरा काठ कापते.

पांढरीत पुरा. शेतकरी 'काळी' आणि 'पांढरी' हा फरक सहज ओळखतो. पांढरी म्हणजे वस्तीची माती: राख, शेण, पडलेल्या भिंती. ती फुगत-आकसत नाही. तिच्यावर पुढची हजार वर्षं लोक राहणार आहेत, म्हणजे वर थर चढत जाणार आणि वस्तू झाकलेली राहणार. पण त्याच कारणाने खड्डा खोल हवा. पुढचे रहिवासी खांबांसाठी, धान्याच्या बळदांसाठी, रांजणांसाठी खड्डे करणारच. वस्तीच्या खालच्या कोऱ्या मातीपर्यंत, तिच्यातही हातभर आत जा.

खड्डा बुजवताना निघालेली माती ज्या क्रमाने निघाली त्याच्या उलट क्रमाने भरा. तरीही खड्ड्याची कड मातीच्या रंगात दिसतेच. उत्खनन करणारा ती ओळखतो, आणि ओळखली तरच तुमच्या कथेत वस्तूची तारीख ठरते. 1974 ला नेमकं हेच निसटलं होतं. तुमच्या नायिकेला यावेळी कड दाखवायची आहे, लपवायची नाही. म्हणून खड्ड्यात त्या काळचं एक फुटकं मडकं आणि मूठभर कोळसा जाणीवपूर्वक टाकू द्या. कोळसा चाचणीला, खापर काळ ओळखायला.

आपल्या काळातलं काहीही खड्ड्यात पडू देऊ नका. नायलॉनचा एक धागा सगळं संपवेल. खणायलाही तिथलीच साधनं वापरावीत: टोकदार काठी, जनावराचं शिंग.

---

नक्षत्रमाळ:

पाचवा प्रश्न. ध्रुवताऱ्याचा प्रसंग चालणार नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे 25,800 वर्षांत एक गिरकी घेतो, म्हणजे साधारण 72 वर्षांना 1 अंश. इ.स.पू. 1900 साली आजचा ध्रुव उत्तर खगोलीय बिंदूपासून सुमारे 20 अंश दूर आहे आणि रात्रभर इतर ताऱ्यांसारखाच फिरतो. तो बाजूला असताना त्याला उत्तर समजून नायिका 10 किलोमीटर चालली तर साडेतीन किलोमीटरने चुकेल. त्या काळी बिंदूच्या सगळ्यात जवळचा डोळ्यांना दिसणारा तारा कालेय मंडलातला थुबान, पण तोही 5 अंशांनी सरकलेला आणि तेजाने अगदी साधा.

चांगली खूण कृत्तिकांची आहे. आज त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. 1900 च्या सुमारास पूर्वबिंदूच्या जेमतेम 6 अंश उत्तरेला. कृत्तिका उगवताना पाहिल्या की पूर्व कळली. शिवाय हा फरक मोजूनच तिला खात्री पटेल की आपण बरोबर शतकात आलो.

पावसाचा हिशेब मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्या डोक्यात 'मृग लागला की पाऊस' पक्कं बसलंय. सूर्य मृगात जातो आज 7-8 जूनला. पाऊस ऋतूवर येतो, नक्षत्रावर नाही, आणि नक्षत्रं ऋतूच्या तुलनेत सरकत असतात. इ.स.पू. 1900 साली सूर्य मृगात शिरतो तेव्हा ऋतू आपल्या एप्रिलच्या मध्याचा, म्हणजे ऐन उन्हाळा. खरा पाऊस येतो तो पुष्य संपून आश्लेषा लागते तेव्हा. मृगाची वाट बघत असलेली, पंचांग पाठ असलेली नायिका दोन महिने आधीच तिथे पोचेल आणि तिला नदी आटलेली दिसेल. खड्डा खणायला ते बरंच आहे, पण तिला आधी धक्का बसू द्या.

गणित करताना एक लक्षात ठेवा: इ.स.पू. 1 नंतर लगेच इ.स. 1 येतं, शून्य वर्ष नाही. संगणकावर आकाश बघताना 1900 साठी उणे 1899 टाकावं लागतं.

---

दफ्तर:

चौथा प्रश्न, कायदा. पुरातन वस्तूंचा 1972 चा कायदा म्हणतो की वस्तू किमान 100 वर्षं *अस्तित्वात* असली पाहिजे. तुमच्या मूळ मसुद्यातली, एका रात्रीत आणलेली वस्तू किती वर्षं अस्तित्वात आहे? न्यायालयातलं एक संपूर्ण प्रकरण यावर उभं राहील. आरोपीचा वकील म्हणेल, प्रयोगशाळेचाच अहवाल सांगतो की ही नवी आहे, निर्यातबंदी लागू नाही. खलनायकाला वस्तू देशाबाहेर न्यायची असेल तर त्याच्यासाठी हा राजमार्ग आहे, आणि नायिकेने ती का पुरली याचं दुसरं कारणही.

खणून काढली तर 1878 चा गुप्तधनाचा कायदा लागू. जमिनीत लपवलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. मर्यादा अजूनही दहाच रुपये. न कळवणं गुन्हा. नायिकेला स्वतः फावडं मारायला लावू नका. परवाना असलेल्या उत्खननात, नोंदवहीसह निघू द्या, नाहीतर 'खापरखुणा' यांनी सांगितलेली खड्ड्याची कड पुन्हा वाया.

कथेचा काही भाग 1974 मध्ये घडत असेल तर जपा: 1972 चा कायदा अंमलात आला 5 एप्रिल 1976 पासून. पात्राच्या तोंडी तो आधी घालू नका.

---

सांधा:

रचनेबद्दल एकच. नवीन आराखड्यात एक फास लपला आहे. नायिका वस्तू पुरते, आज खणते, त्यावर काहीतरी वाचते आणि त्या माहितीवरून मागे जाऊन तीच वस्तू पुरते, असं वर्तुळ होऊ शकतं. *माहितीचं* वर्तुळ वाचक पचवतो. *वस्तूचं* वर्तुळ मात्र मोडतं. खणलेली वस्तू तिने पुन्हा मागे नेली तर दर फेरीत तिच्यावर आणखी 3900 वर्षांचा हिरवा थर चढेल आणि ती कधी तयारच झालेली नसेल. म्हणून वस्तू एकदाच पुढे येऊ द्या, आणि ती ओतली जाताना निदान एकदा दाखवा.

त्यासाठी कागदावर दोन रेघा काढा. एक नायिकेची, एक वस्तूची. प्रत्येक प्रसंगाला दोन्ही रेघांवर खूण करा. वस्तूची रेघ कुठेही मागे वळता कामा नये.

आणि मनशीळ आत आहे हे नायिकेला कधी कळतं ते आधी ठरवा. माझं मत, पुरायच्या *आधी*. ओतणाऱ्या माणसाला उजेडाची भीती का वाटते हे तिला तिथेच समजतं. मग घातक वस्तू नष्ट करायची की जतन करायची हा निर्णय तिचा होतो.

---

मूस:

त्यात एक भर. नष्ट करायचा प्रयत्न ती करेल तर भट्टीशिवाय दुसरा मार्ग नाही, आणि भट्टीचा धूर आधी तिच्याच नाकात जाईल. म्हणजे जतन करणं हाच सुरक्षित पर्याय आहे, हे रसायनशास्त्रच ठरवतं.

खणल्यावरचीही काळजी लिहा. जमिनीतल्या मिठातला क्लोरीन तांब्यात शिरलेला असतो. दमट हवा लागली की फिकट हिरवी पूड सुटू लागते आणि वस्तू आतून खात जाते. संग्रहालयात याला ब्राँझ डिसीज म्हणतात. कपाटातली आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली ठेवतात. पावसाळ्यात खणली आणि तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर चार दिवसांत ठिपके दिसतील. सिलिका जेलची पुडकी, हवाबंद डबा, बाहेर तारीख आणि खड्ड्याचा क्रमांक. आणि ही वस्तू पोकळ आहे, तेव्हा डब्याला काळं कापड.

---

प्रवराकाठ:

दोन रेघा काढून पाहिल्या. वस्तूची रेघ माझ्या जुन्या मसुद्यात तीनदा मागे वळत होती. आता सरळ आहे. उडी इ.स.पू. 1900, मृगात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. सोबत मिठाची पिशवी. खड्डा पांढरीत, कोऱ्या मातीत हातभर. त्यात फुटकं मडकं आणि कोळसा.

एक शंका उरली. मिठाची पिशवी कापडी असेल तर तिचा सुती धागा तिथे राहिल्याचा प्रश्न येईल का?

---

खापरखुणा:

सुती धागा दमट जमिनीत कुजून जातो. पण तांब्याला चिकटून राहिला तर तांब्याचे क्षार त्याला टिकवतात. पिशवी परत आणू द्या. मीठ मडक्यात ओतून द्यावं.